खाशाबांनंतर महाराष्ट्राला कुस्तीत ऑलिंपिक पदक का नाही?

आत्याबाई_ठाणे

मंडळी, प्रश्न अर्धा घरातला आहे, अर्धा सगळ्यांचा.

माझा भाचा सोळा वर्षांचा. कोल्हापुरात एका तालमीत राहून कुस्ती करतो. भावाचा कागल तालुक्यात दोन एकर ऊस आणि चार म्हशी. त्यातलं निम्मं दूध खुराकात जातं असं वहिनी पूर्वी हसत सांगायची, हल्ली नुसतंच सांगते. पोराचं वजन साठ-एकसष्ट. शालेय स्पर्धेत मॅटवर राज्यापर्यंत जाऊन आलाय. चपळ आहे, आणि हे मी आत्या म्हणून म्हणत नाही, तालमीतलेच म्हणतात.

आता वस्तादांनी फर्मान काढलंय की दोन वर्षांत वजन ऐंशीच्या वर न्यायचं. "साठ किलोच्या पैलवानाला मैदानात कोण विचारतो?" असं म्हणाले. भावाला पटलंय. काजू-बदामाची, तुपाची यादी घरी आलीय, ती वाचून माझेच डोळे पांढरे झाले, कारण त्यातले निम्मे पैसे मी पाठवते.

मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, बँकेत नोकरी करते. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीसमोर बसले होते आणि अमन सेहरावतला ब्राँझ मिळालं तेव्हा पडद्यावर ५७ किलो असं लिहिलेलं होतं. माझ्या भाच्यापेक्षाही हलका! मग डोक्यात किडा वळवळायला लागला. १९५२ ला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे एवढ्या तालमी असून महाराष्ट्राला कुस्तीत ऑलिंपिक पदक नाही. देशाचं तरी काय मोठंसं, एवढ्या लोकसंख्येत पॅरिसला सहा पदकं आणि त्यात सुवर्ण एकही नाही.

विचारलं की लोक सांगतात जीन्स, शाकाहार, क्रिकेट, राजकारण. यातलं खरं किती? आणि पोराचं वजन वाढवू द्यावं का? आतल्या माणसांनी सांगा.

सह्याद्री_एक्सप्रेस

सोपं आहे ताई. राजकारण. २०२३ मध्ये दोन संघटनांनी एकाच वर्षात दोन वेगवेगळे महाराष्ट्र केसरी भरवले. दिल्लीत महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेनं भारताला निलंबित केलं आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपली पोरं तिरंग्याशिवाय उतरली. खेळ पुढाऱ्यांच्या ताब्यात आणि उरलेला पैसा क्रिकेटला. विषय संपला.

मोडक्या_कानाचा

विषय एवढ्यात संपत नाही ओ सह्याद्रीवाले.

राजकारण आहे, कोण नाही म्हणतो. पण हरियाणात काय संघटनेच्या नावाखाली भजनी मंडळ चालतंय? २०२३ ला महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यात बसलेली पोरं-पोरी बहुतेक हरियाणाचीच होती. राजकारणाचा मार सगळ्यात जास्त त्यांनी खाल्ला आणि पदकंही त्यांचीच. मग आपल्या दुष्काळाला नुसतं राजकारण कसं पुरंल? जीन्सचं म्हणाल तर जपान बघा. आपल्याच चणीची माणसं, पॅरिसला एकट्या कुस्तीत आठ सुवर्ण घेऊन गेली. अमनला उपांत्य फेरीत १०-० नं उडवणारा हिगुची जपानचाच, तोही ५७ चा. शाकाहाराचं तर बोलूच नका, हरियाणाची निम्मी पोरं दूध-तुपावरच वाढलीत. आणि आमच्या तालमीत मटणाला कधी कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

ताई, तुम्ही पडद्यावर ५७ बघितलं ना? तिथंच खरी गोम आहे. आता ही नावं वाचा, पण लक्ष आकड्यांवर ठेवा. खाशाबा ५७ किलो. सुशील कुमार, २००८ आणि २०१२, ६६ किलो. योगेश्वर दत्त, २०१२, ६०. साक्षी मलिक, २०१६, ५८. टोकियोला रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५. पॅरिसला अमन ५७. भारताची कुस्तीतली आजवरची ऑलिंपिक पदकं एवढीच, आठ. ६६ च्या वर एकही नाही! वरच्या वजनात अलीकडं जवळ गेला तो दीपक पुनिया, टोकियोत ८६ किलोत, आणि त्याचीही ब्राँझची कुस्ती शेवटच्या काही सेकंदांत हातची गेली.

आणि आपल्याकडं सगळ्यात मोठा मान कशाला? महाराष्ट्र केसरी. त्याचा गट ८६ ते १२५ किलो. चांदीची गदा तिथं, चारचाकी तिथं, गावात हत्तीवरनं मिरवणूक तिथं. विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, सरकारनं त्यांना डीवायएसपी केलं. त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही, घाम गाळून मिळवलंय. पण पोराच्या बापानं त्यातनं काय घ्यायचं? त्याच अधिवेशनात ५७, ६१, ६५, ७० सगळे गट माती आणि गादी, म्हणजे मॅट, दोन्हीवर होतात. गेल्या वेळी ५७ किलोत कोण जिंकला, इथं कोणी न शोधता सांगावं. मलाही येणार नाही, आणि मी पेपर खेळाच्या पानापासून वाचणारा माणूस.

थोडक्यात, आपली पदकं हलक्या वजनात आणि आपला पैसा जड वजनात. तुमच्या भाच्याचे वस्ताद वाईट नाहीत ताई. ते पैशाच्या वाटेनं पोराला चालवतायत, एवढंच.

जत्रेचं मैदान तुम्ही बघितलंय का माहीत नाही. दुपारी तीनला सुरू होतं. आधी बारकी पोरं, रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशे रुपयांच्या. कमिटीवाला वही घेऊन हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, कडेला उभा, जोडी लागली की हात धरून पोरांना फिरवतो आणि माईकवर नाव पुकारतो. पासष्ट किलोचा पोरगा चार वाजता लढतो. तेव्हा मैदानात कोण असतं? पोरं, म्हातारी माणसं आणि भेळवाला. त्यानं ढाक मारून पुढच्याला उताणा केला तरी हलगीवाला चार टिपऱ्या वाजवतो आणि पाणी प्यायला जातो. खरी गर्दी ऊन उतरल्यावर. पाव्हणे स्टेजवर बसले, फेटे बांधले, मग एक नंबरची कुस्ती. शंभर-शंभर किलोचे दोन गडी, हँडबिलावर दोघांचे छातीपर्यंतचे फोटो, खाली लाखातलं इनाम. हे गडी अर्धा-अर्धा तास खडाखडी करतात, मानेवर हात टाकून एकमेकांना ढकलत राहतात. कधी निकाल लागतो, कधी पंच हात वर करून बरोबरीत सोडवतात. लोक तरी खूश. पैलवान म्हणजे अंगानं भरलेला, आडवा-तिडवा, हे आपल्या डोळ्यात पक्कं बसलंय.

माझंच सांगतो. अंगानं मी पासष्टचा. वस्तादांनी चौऱ्याऐंशीपर्यंत नेला. पहाटे साडेतीनला उठायचं, जोर, बैठका, लढत, मग थंडाई, तूप वाटीनं. वजन आलं, इनामं आली, बहिणीचं लग्न त्याच पैशात केलं. मला पश्चात्ताप नाही, गुडघ्यांना असेल. मग एकदा मोठ्या निवड चाचणीला मॅटवर उभा राहिलो. समोर रोहतककडचा पोरगा, माझ्याच वजनाचा, पण त्याचं ते वजन अंगचं होतं. शिट्टी वाजली, त्यानं पट काढला, म्हणजे वाकून माझे पायच धरले. मी सवयीनं पालथा पडलो आणि कोपरं अंगाला आवळून घेतली. मातीत हे बिनचूक. मातीत पालथा पडलेला पैलवान हरलेला नसतो, दम खात असतो. वरच्यानं घिस्सा मारावा, मान काढावी, काय पाहिजे ते करावं, पाठ लागत नाही तोवर कुस्ती चालू. मॅटवर तो माझ्या मागं गेला त्याचेच दोन गुण. मग कमरेला मिठी मारून भारंदाज, मी एकदा लोळलो, दोन. परत लोळलो, दोन. परत, दोन. बोर्डावर आठ-शून्य लागले होते आणि मी माझ्या हिशेबानं अजून कुस्तीतच होतो. आणखी एकदा लोळवला, दहाचा फरक झाला की मॅटवर कुस्ती तिथंच संपते, पंचानं त्याचा हात वर केला. घाम सुद्धा नीट आला नव्हता मला.

मॅटची कुस्ती तीन-तीन मिनिटांची, मधे तीस सेकंदाची विश्रांती. ढकलून बाहेर काढला तरी एक गुण. नुसता उभा राहिलास तर पंच ताकीद देतो, तीस सेकंदाचं घड्याळ लावतो, तेवढ्यात काही केलं नाहीस तर गुण पुढच्याला. अर्धा तास झुलवत ठेवायची सवय लागलेल्या माणसाला हे सहा मिनिटं म्हणजे शिक्षा वाटते. लंडनला योगेश्वरनं ब्राँझच्या कुस्तीत उत्तर कोरियाच्या पोराचे पाय कैचीत धरून त्याला गरागरा फिरवला, तो डाव मातीत कोण कशाला शिकवंल? मातीत त्याला काही किंमतच नाही.

आणि जड वजनात जगात समोर कोण आहे तेही बघा. पॅरिसला १२५ किलोची फायनल जॉर्जियाचा पेत्रियाश्विली आणि इराणचा झारे यांच्यात झाली, तुर्कीचा ताहा अकगुल ब्राँझवर थांबला. उभ्या हाडाची, एवढ्या वजनातही वाऱ्यासारखा पट काढणारी माणसं. तुपावर फुगवलेला आमचा गडी त्यांच्यापुढं किती वेळ टिकणार?

जत्रेत अजून एक गोष्ट नसते, लघवीची तपासणी. कोण काय टोचून घेतं यावर मी इथं लिहीत नाही, पण भाच्याच्या पेटीत प्रोटीनच्या डब्याशिवाय दुसरं काही दिसलं तर भावाला विचारा.

खाशाबा स्वतः १९४८ ला लंडनला ५२ किलोत उतरले होते, सहावे आले, मग ५७ ला गेले. आजच्या आमच्या तालमीत ते आले असते तर पहिल्या दिवशी त्यांच्याही हातात तुपाची वाटी दिली असती.

यात्रा_कमिटी_वाळवा

मोडक्या कानाचे पैलवान, लिहिलंय झकास, पण जत्रेला एवढं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

आमच्या गावात दरवर्षी वर्गणी काढून मैदान भरवतो. मुंबईत माथाडीत काम करणारी गावची पोरं पाचशे-हजार पाठवतात, दूध संघवाले देतात, कुणी आजोबाच्या नावानं इनाम लावतं. सरकारचा एक रुपया नाही. हे बंद केलं तर तुमच्या मॅटवर उतरायला पोरगा येणार कुठनं? शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान बांधलं, तालमींना आश्रय दिला, म्हणून ही वेल आजवर जिवंत आहे. खाशाबांना हेलसिंकीला कोणी पाठवलं? सरकारनं? गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्या घेऊन कोण गेलं होतं स्टेशनवर? आमच्यासारखीच माणसं.

आणि जड पैलवान जगात टिकत नाहीत म्हणता, मग १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर, दोघांनी एक-एक सुवर्ण आणि एक-एक रौप्य आणलं, ते कोणत्या वजनात? माने ९७ त, आंदळकर त्याच्याही वरच्या गटात. लाल मातीतलीच माणसं की ती.

बरं, पासष्ट किलोच्या जोडीला एक नंबरचं इनाम लावायचं आम्ही एकदा ठरवलं होतं. ज्यांच्याकडं देणगी मागायला गेलो ते म्हणाले, एवढ्याशा पोरांसाठी? मी काय करू सांगा.

मोडक्या_कानाचा

कमिटीवाले, तुमच्या वर्गणीवर मी जेवलोय, जत्रेला शिव्या माझ्या तोंडून निघणार नाहीत. जत्रा बंद करा असं मी कुठं म्हटलं?

माने-आंदळकरांचं नाव घेतलं की कानाला हात लावतो. पण १९६२ ला आशियाई स्पर्धेत कझाकस्तान, उझबेकिस्तान नव्हते, ते सोव्हिएत संघात होते. आज आशियातलं साधं ब्राँझ काढायचं तरी त्यांना ओलांडून जावं लागतं. आणि मॅट, गुण, हे सगळं तेव्हापासून कुठल्या कुठं गेलं. अपवाद मीच अजून एक देतो. नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी, आणि २०१५ ला जागतिक ब्राँझ ७४ किलोत. बघा, पदक आणलं ते ७४ ला उतरून. रिओचं तिकीटही मिळालं होतं, पुढं उत्तेजकाच्या प्रकरणात बंदी आली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

देणगीदाराचं म्हणाल तर त्याला एकदा दोन चांगल्या पासष्टांची निकाली कुस्ती समोर बसवून दाखवा. पण दुपारी चारला नको, दिवे लागल्यावर.

फौजी_सातारा

हिसारला पोस्टिंग होती तेव्हा आसपासची गावं बरीच फिरलो, म्हणून चार ओळी.

त्यांच्याकडेही दंगल असतात आणि तिथंही मोठ्या अंगाच्या पैलवानाला मोठं इनाम असतं. या बाबतीत ते आपल्यापेक्षा शहाणे वगैरे नाहीत. फरक असा की तिथल्या ५७ किलोच्या पोराला दुसरी वाटही दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये मॅट टाकलेली, शिकवणारा बहुतेक वेळा फौजेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेला पैलवान. त्याला पक्कं माहीत असतं की राष्ट्रीय पदक आलं तर सर्व्हिसेस (सैन्यदलांचा संघ), रेल्वे, पोलीस कुठंतरी पोरगा चिकटणार. चांगला निघाला तर पुढं दिल्लीचं छत्रसाल स्टेडियम. सतपाल यांच्या त्या एकाच आखाड्यातून सुशील, योगेश्वर, बजरंग, रवी, अमन गेलेत. अमनला तर आई-वडील नव्हते, लहानपणापासून तिथंच राहिला. सकाळी मॅटवर जोडीला तितक्याच वजनाची, तितकीच भुकेली पाच-सहा पोरं. आपल्याकडे ६५ चा चांगला पोरगा ज्या तालमीत आहे तिथं त्याला रोज लढायला दुसरा ६५ चा चांगला पोरगा नसतो, कारण बाकीच्यांनी वजन वाढवलेलं असतं.

पैशाचं सांगायचं तर ऑलिंपिक ब्राँझला हरियाणा अडीच कोटी देतो. आपल्या स्वप्नील कुसाळेला, कांबळवाडीच्या, पॅरिसच्या नेमबाजीतल्या ब्राँझसाठी राज्यानं आधी एक कोटी जाहीर केले. आणि तो तिथवर पोचला तो रेल्वेत टीसीची नोकरी होती म्हणून. अविनाश साबळे बीडचा, पण धावायला लागला फौजेत आल्यावर. पोट भरण्याची सोय आधी लागते.

मुलींचं मात्र कोणी बोललंच नाही. पुरुषांचा महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. महिलांचा पहिला २०२३ मध्ये, सांगलीला, प्रतीक्षा बागडी जिंकली. मधली बासष्ट वर्षं निम्मं राज्य आखाड्याबाहेर उभं होतं. रोहतकजवळच्या मोखऱ्याच्या साक्षीनं २०१६ ला पदक आणलं तेव्हा आपल्या किती तालमींत मुलींना पाय ठेवू देत होते?

गुडघा_तज्ज्ञ_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कुस्तीगीर बरेच येतात. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो.

सोळाव्या वर्षी साठ किलो आणि दोन वर्षांत ऐंशी. यातलं स्नायूचं वजन किती असेल? उंची वाढत असेल तर काही भाग नैसर्गिक येईल, उरलेली बरीचशी चरबी. ती चरबी उचलून धरायची कुणी, तर त्याच साठ किलोच्या पोराच्या गुडघ्यांनी आणि कमरेनं. मोटारसायकलच्या इंजिनाला उसाची ट्रॉली जोडल्यावर जे होतं ते माझ्या टेबलावर येतं. सोळाव्या वर्षी हाडांची टोकं अजून पुरती भरलेली नसतात, त्यात रोज हजार-हजार बैठका. तुपाच्या वाटीपेक्षा अंडी, दूध, डाळी, मासे हे दिवसात चार-पाच वेळा विभागून, आणि रात्रीची झोप. तालमीत पहाटे साडेतीनला उठवतात पण रात्री आठला झोपवत नाहीत, हा माझा जुना राग आहे.

पण उलटी चूकही करू नका. ऑलिंपिकमध्ये ५७ आहे म्हणून पोराला उपाशी ठेवून खाली ओढायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. २०१८ पासून वजन स्पर्धेच्या सकाळीच होतं आणि दोन दिवसांची स्पर्धा असेल तर दुसऱ्या सकाळी परत. पूर्वी आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन भरून काढता यायचं, आता नाही. पॅरिसला फायनलच्या सकाळी विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली, ते सगळ्या देशानं बघितलं. अमननं ब्राँझच्या कुस्तीआधी एका रात्रीत साडेचार किलोहून जास्त वजन उतरवलं ते मोठ्या टीमच्या देखरेखीखाली, आणि तो सज्ञान होता.

आज त्याचं वजन ६१ म्हणजे ऑलिंपिकच्या हिशेबानं दोन गटांच्या मधे. पुरुषांच्या फ्रीस्टाईलला ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५ एवढेच सहा. वाढीचं वय आहे, वर्ष-दीड वर्षात तो आपोआप ६५ च्या आसपास किंवा वरही येईल. येऊ द्या.

आत्याबाई_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मोडक्या कानाचे दादा, तुमचं ते आठ-शून्य वाचून मी ऑफिसात मोठ्यांदा हसले आणि मग वाईट वाटलं.

काल भावाला फोन केला, हे सगळं वाचून दाखवलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आक्का, ऑलिंपिक चार वर्षांनी येतंय, जत्रा चैत्रात येतीय. पाच मैदानं चांगली झाली तर खुराक सुटतो. तुझ्या त्या पासष्ट किलोत पोरगा खाणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या, मी त्याला तसंच्या तसं वाचून दाखवते. आणि राहुल आवारेबद्दल कोणीतरी लिहा, भाच्याच्या खोलीत त्याचा फोटो आहे.

मोडक्या_कानाचा

राहुल आवारे पाटोद्याचा, बीड जिल्हा. फोटो लावायलाच पाहिजे. २०१८ ला राष्ट्रकुलमध्ये ५७ किलोत सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. पण ते ब्राँझ ६१ किलोत, आणि ६१ ऑलिंपिकला नाही. खाली ५७ ला रवी दहिया, वर ६५ ला बजरंग. महाराष्ट्राचा अलीकडचा सगळ्यात हुशार हलका पैलवान त्या दोन गटांच्या फटीत राहिला. पुढं डीवायएसपी झाला. म्हणजे हलक्या वजनातही नोकरी मिळते, हे भावाला आधी सांगा.

आता पैशाचं. भाऊंचं गणित चुकीचं नाही, म्हणून खोटं आश्वासन देत नाही. पासष्टमध्ये जत्रेवर खुराक पूर्ण सुटणार नाही. पण सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत पदक आलं की खेलो इंडियाची, म्हणजे केंद्र सरकारच्या खेळाडू योजनेची, दारं उघडतात. तिथं निवड झाली तर महिन्याला दहा हजार हातखर्च, राहणं-खाणं-शिकणं वेगळं. फौजेच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीचं वय त्याचं निघून गेलं, तिथं बारकी पोरं घेतात. पण अठरा झाल्यावर खेळाडू म्हणून फौज आहे, रेल्वे आहे. तिथं कागद बघतात, राष्ट्रीयचं प्रमाणपत्र. शंभर जत्रा मारल्याचं प्रमाणपत्र कोण देतं? म्हणून बारावी सोडू देऊ नका, कोट्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांनाही बारावी लागते.

वस्तादांशी भांडायला कोणी जाऊ नये. भावानं नारळ घेऊन जावं, पाया पडावं आणि एवढंच मागावं की दोन वर्षं पोराचं वजन आहे तसं वाढू द्या आणि आठवड्यातले चार दिवस मॅट द्या. बहुतेक मोठ्या तालमींत आता मॅट आहे, पावसाळ्यात हौदा ओला झाला की सगळे तिथंच लढतात. वस्ताद म्हणजे बापाच्या ठिकाणी, असं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. नाहीच ऐकलं तर पुण्याला पासष्टची जोडी रोज मिळेल अशा दोन-तीन जागा आहेत, त्या इथं उघड लिहीत नाही, मेसेज करा. चैत्रात दोन-चार मैदानं खेळू द्या की, हलगीशिवाय पैलवानाला झोप येत नाही. पण आपल्या वजनाच्या जोडीशी.

आणि पालथं पडायची सवय आत्ताच मोडा. त्याच्या मॅटवरच्या कुस्तीचा मोबाईलवर काढलेला एखादा व्हिडिओ असेल तर टाका. सोबत सकाळचं उपाशीपोटीचं वजन, त्याची उंची आणि भावाची उंची. मग पासष्ट की चौऱ्याहत्तर, ते बोलू.